होळी झाली की वर्गातले प्रकल्प बंद पडतात, त्यावर काय करायचं

जानेवारीत सगळं झकास असतं. गट पाडलेले असतात, गटांना नावं दिलेली असतात, कार्डशीट आणलेलं असतं, स्केचपेनवरून दोन-तीन भांडणं पण होऊन गेलेली असतात. मग होळी होते, ऊन वाढतं, शाळा सकाळची होते आणि पाच जणांच्या गटातली दोनच पोरं वर्गात दिसायला लागतात, त्यातल्या एकाला विचारलं प्रकल्पाची वही कुठाय तर ती पूजाकडे आणि पूजा मामाच्या गावाला लग्नाला गेलेली. जी येतात त्यांचं एकच, बाई आज खेळायला सोडता का.

हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी उपाय पण तेच सांगितले जातात, बक्षीस ठेवा, गटांची स्पर्धा लावा, चॉकलेट द्या, नाहीतर दम भरा. आठवडाभर चालतं हे सगळं. स्पर्धेचं तर उलटंच होतं, मागे पडलेल्या गटाला कळून चुकतं की आता काय आपला नंबर लागत नाही, मग ती पोरं राजरोस काम सोडतात आणि बाकीच्यांना पण त्रास देतात.

माझं म्हणणं असं की सत्राच्या शेवटी पोरांचा उत्साह संपतो हेच मुळात खरं नाही. पहिल्या सत्राचा शेवट आठवा. सहामाही नुकतीच संपलेली, दिवाळीची सुट्टी तोंडावर, आणि हीच पोरं दारात किल्ला करत बसलेली असतात. माती आणायची, दगड-विटा रचायच्या, त्यावर ओलं पोतं टाकून चिखल लिंपायचा, बुरूज ढासळला की परत उभा करायचा, आणि दिवाळीला किल्ला हिरवा दिसला पाहिजे म्हणून चार-पाच दिवस आधीच अळीव नाहीतर मोहरी पेरायची, हे नियोजन सुद्धा त्यांचं त्यांनीच. मार्क नाहीत, वही नाही, बाई नाहीत. अंधार पडला तरी घरात येत नाहीत. कारण गल्लीतली माणसं बघायला येणार असतात, दिवाळीची तारीख कोणाच्या सांगण्याने पुढे जात नाही आणि सामान सगळं हाताशी असतं.

आपल्या मार्चमधल्या प्रकल्पात यातलं काहीच नसतं. तो बाईंना द्यायचा असतो आणि बाई तो कपाटावर ठेवणार हे पोरांना चौथीपासून पाठ आहे. म्हणून प्रकल्प अडकला की मी आधी एवढंच विचारते की याची वाट कोण बघतंय. उत्तर फक्त "मी" असं आलं तर पुढची सगळी खटपट वाया. पण त्याच्या आधी दोन-तीन साध्या गोष्टी तपासून घ्याव्या लागतात, कारण कधी कधी दुखणं तिथंच असतं.

मार्क कधी देऊन टाकलेत ते बघा

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० ला आलं तेव्हापासून प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचं, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचं, एक साधन झालं, सहावीला निम्मे गुण आकारिकचे, सातवीला शंभरातले चाळीस. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात काय होतं तर मार्चच्या मध्यापर्यंत आपण आकारिकच्या नोंदी भरून मोकळे होतो कारण पुढे संकलितचं, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं, काम असतं, निकालपत्रक असतं, आणि प्रकल्प मात्र अर्धाच झालेला असतो. पोरांना सगळं कळतं हो. मार्क पडले हे त्यांना आपल्या आधी कळतं. वर्षभर आपणच सांगत आलो की प्रकल्प करा, मार्क आहेत, मग मार्क पडल्यावर त्यांनी का करावा?

यावर मला दोन गोष्टी उपयोगी वाटतात. एक म्हणजे नोंद तयार झालेल्या वस्तूची करूच नका, काम चालू असताना करा. एखाद्या मुलीने टेप धरून मोजलं, ते आकडे कोष्टकात मांडले, मोजमाप चुकलंय म्हणून परत गेली, तर गणिताचं प्रात्यक्षिक, तोंडी काम, दैनंदिन निरीक्षण, प्रकल्प अशा तीन-चार साधनांच्या नोंदी एकाच कामातून निघतात आणि शिवाय खऱ्या असतात. दुसरं म्हणजे पोरांना सरळ सांगून टाका की मार्कांचं काम झालं, आता जे करायचंय ते त्यासाठी नाही. ऐकायला भीतीदायक वाटतं पण सांगून बघा. लपवलं की ती वाट बघत बसतात की बाई अजून काहीतरी मार्क देतील, आणि सांगितलं की जे उरतं ते निदान खरं उरतं.

पाचवी आणि आठवीचं थोडं वेगळं आहे, तिथे २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली आणि नापास झालं की पुनर्परीक्षा, त्यामुळे पालक आणि पोरं दोघांचं डोकं परीक्षेत असतं. तिथे मार्चमधे मोठा प्रकल्प काढायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे, जे काही करायचं ते फेब्रुवारीत उरकावं नाहीतर परीक्षेनंतर.

परीक्षेनंतरची भानगड तर वेगळीच. पेपर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपायचे आणि मग निकालापर्यंत वर्गात शुकशुकाट. २०२५ ला राज्यभर एकच वेळापत्रक लागलं, ८ ते २५ एप्रिल, आणि १ मेला निकाल, म्हणजे रिकामे दिवस गेले पण पेपर तपासायला मास्तरांच्या हातात दिवसच उरले नाहीत. वेळापत्रक कसंही असलं तरी एक गोष्ट बदलत नाही, शेवटच्या पेपरानंतर नवीन काहीही सुरू होत नाही. आधी सुरू झालेलं असेल आणि त्याची तारीख पुढे असेल तरच पोरं येतात.

गैरहजेरी ही शिस्तीची गोष्ट नाही

मार्च-एप्रिलमधे पोरं का येत नाहीत याची यादी करायला बसलं तर ती अख्ख्या गावाची यादी होते. चैत्रातल्या जत्रा, लग्नसराई, नाशिक-नगरकडे उन्हाळ कांद्याची काढणी, हिंगोली-सांगलीकडे हळद, विदर्भात पूर्वेकडे मोहफुलं वेचायला पहाटे जायचं, कोकणात काजू. ही पोरं कंटाळून घरी बसलेली नसतात, कामावर असतात नाहीतर पाहुण्यात असतात. त्यांच्या नावाने वर्गात ओरडून काय होणार, ज्यांना ऐकू जातंय ती तर आलेलीच आहेत!

तेव्हा बदलायची ती कामाची बांधणी. पाच जणांचा गट आणि त्यात हा लिहिणार, ती चित्र काढणार, तो सादर करणार, अशी वाटणी जानेवारीत बरी दिसते, मार्चमधे एक जण गेला की सगळं ठप्प. मी मार्च लागला की गट मोडून टाकते. त्याऐवजी भिंतीला एक दोरी, दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या, आणि एका चिठ्ठीवर एकच काम, एका तासिकेत संपेल एवढं. "शाळेमागच्या कडुनिंबाला नवी पालवी किती फांद्यांना आलीय ते मोज." "कालच्या आकड्यांचा स्तंभालेख काढ." "अमुक गल्लीतल्या चार आज्यांना विचार पूर्वी पाणी कुठून आणायच्या." जो येईल त्याने चिठ्ठी घ्यायची, एकट्याने नाहीतर जोडीने करायचं, झालं की चिठ्ठीच्या मागे नाव आणि तारीख टाकून दुसऱ्या दोरीला लावायची. आठ दिवसांनी जत्रेहून आलेलं पोरगं पण आल्याआल्या चिठ्ठी घेऊन कामाला लागतं, त्याला कोणी मागचं समजावून सांगावं लागत नाही. वही शाळेच्या कपाटातच राहते, घरी जात नाही, हा नियम कडक ठेवा. पूजा कुठेही असू दे.

आणि जो जाणार आहे त्याच्याबरोबर एखादा प्रश्न पाठवता येतो. कांदा काढायला चालला असेल तर एका गोणीत किती किलो भरतात, साठवायच्या चाळीत कांदा टाकताना खाली काय अंथरतात, हवा खेळायला जागा कशी ठेवतात, एवढंच बघून ये म्हणायचं. लिहून आण म्हणू नका, येऊन सांग म्हणा. लिहून आण म्हटलं की तो आणखी दोन दिवस येत नाही.

ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं याच दिवसांत परत येतात, दिवाळीनंतर गेलेली असतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमधे वर्गात हजर. गावातच आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचं निदान शिकणं चालू राहिलेलं असतं, जी बरोबर गेली ती चार-पाच महिन्यांनी येतात आणि वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. चिठ्ठ्यांची पद्धत या मुलांना सगळ्यात जास्त उपयोगी पडते असं मला वाटतं. त्यांना खूप काही माहीत असतं, गाडी भरायला किती मोळ्या लागतात, कारखान्यावर वजन कसं होतं, कोपी म्हणजे राहायची झोपडी कशी बांधतात, गावापासून कारखान्यापर्यंत रस्त्यात कुठली गावं लागली. नकाशा काढायला याच्यापेक्षा चांगला माणूस वर्गात नसतो. फक्त त्याला सगळ्यांसमोर उभं करून "सांग रे तिकडचं" असं करू नका. काहींना आवडतं, काहींना अजिबात नाही, आधी एकट्याला विचारा.

दहा वाजायच्या आत

हे थोडक्यात. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमधे दहानंतर कोणीही काही करत नाही, मोठी माणसं पण नाही. सकाळच्या शाळेत पहिला तास बाहेरच्या कामाला द्या, मोजणी, निरीक्षण, विचारपूस जे काय असेल ते, आणि आत येऊन लिहिणं, चित्र, आकडेमोड. परिपाठ छोटा करा आणि वेळ तिकडे वळवा. उलटं केलं, म्हणजे आधी पाठ आणि शेवटी प्रकल्प, तर तो होत नाही. पाण्याची बाटली सोबत हवीच.

दुकानात मिळतो का?

प्रकल्प जिवंत आहे का मेलाय हे तपासायची माझी एक सोपी कसोटी आहे, तो स्टेशनरीच्या दुकानात मिळतो का. "माझा आवडता पक्षी", "भारतातील थोर समाजसुधारक", "वाहतुकीची साधने", या सगळ्यांची छापील चित्रं मिळतात, कापायची चिकटवायची खाली चार ओळी. जानेवारीत पोरं हौसेने चिकटवतात, मार्चमधे त्यांना पण कळतं की यात करण्यासारखं काही नाही. शहरातल्या शाळांत तर हे काम रात्री अकराला आई-बाबा करतात आणि पोरगं झोपलेलं असतं, २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलऐवजी पुठ्ठा आला एवढाच काय तो फरक. तिथल्या शिक्षकांना माझं एकच सांगणं, प्रकल्प घरी देऊच नका, सगळा शाळेतच होऊ द्या, मग कितीही वेडावाकडा झाला तरी चालेल. पालक पण सुटतील.

मग न मिळणारा प्रकल्प कुठून आणायचा, तर वर्षाच्या या दिवसांतच तो असतो, पाठ्यपुस्तकाच्या मागच्या यादीत शोधू नका. मार्च-एप्रिलमधे झाडं बदलत असतात, पळस फुलून जातो, कडुनिंबाला, पिंपळाला नवी पालवी येते, आंब्याच्या कैऱ्या मोठ्या होतात, बहावा फुलायला लागतो. एक झाड एका जोडीला वाटून द्यायचं, आठवड्यातून एकदा बघायचं, पानं नवी किती जुनी किती, फुलं, फळं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर हेच करतो, शाळा त्यात नोंदी पाठवू शकतात, म्हणजे वाट बघणारं कोणीतरी आपोआप मिळालं.

पण माझा सगळ्यात आवडता, आणि ज्याने शेवटपर्यंत पोरं टिकतात असा, म्हणजे सावलीचा.

काठीची सावली

एक मीटर लांबीची सरळ काठी, सपाट ओटा, दोरीला दगड बांधून केलेला ओळंबा आणि टेप. बस. काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, दुपारी सावली मोजायची, आठवड्यातून एकदा. पुण्याच्या आसपास असाल तर २१ मार्चला मीटरभर काठीची सगळ्यात आखूड सावली साधारण ३३ सेंमी भरते, १५ एप्रिलला पंधरा-सोळा सेंमी आणि एप्रिल संपताना सातच्या आत. म्हणजे आकडा दर आठवड्याला डोळ्यांना दिसेल इतका पडतो. पोरांना विचारायचं, असंच चाललं तर सावली संपणार कधी? आणि इथे गंमत सुरू होते, कारण ती खरंच संपते. मे महिन्यात एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला ६ मेच्या आसपास, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६, नाशिकला २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मेच्या सुमारास. जसं दक्षिणेकडून उत्तरेकडे जाल तसा पुढे.

वर्गात आलेख काढायचा, ठिपके जोडायचे आणि रेघ पुढे वाढवून प्रत्येकाने आपापला अंदाज लिहून पाकिटात बंद करायचा. कोण म्हणतं ५ मे, कोण म्हणतं जून. पाकिटं कपाटात. शाळा तोपर्यंत सुटलेली असते हे खरं, पण तेच तर पाहिजे! ज्या मुलाने अंदाज लिहिलाय तो सुट्टीत मामाच्या गावाला पण काठी रोवून बघतो, आणि मामाचं गाव दुसऱ्या अक्षांशावर असेल तर त्याची तारीख वेगळी येते, मग जूनमधे भांडायला विषय. सुट्टीचा अभ्यास म्हणून दिलेलं पोरं कधी करत नाहीत, हे करतात, सगळी नाही पण बरीच.

एक अडचण येते ती सांगून ठेवते. पोरं बरोबर बारा वाजता मोजतात आणि आकडे कधी कधी विचित्र येतात. आपल्याकडे घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि पुणं-मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. पुण्याला मार्चच्या शेवटी सूर्य माथ्यावर यायला बारा-चाळीस होतात, एप्रिलच्या मध्यात बारा-पस्तीस. नागपूरला मे महिन्यात बारा-दहाच्या आसपास. म्हणून पुण्याकडे बारा-वीस ते बारा-पन्नास, नागपूरकडे बारापासूनच, दर पाच मिनिटांनी खूण करायची आणि सगळ्यात आखूड सावली ती नोंदवायची. हे आधी सांगू नका बरं का, पोरांनाच सापडू द्या. बारानंतर पण सावली आखूड होतेय हे दिसल्यावर वर्गात जो गोंधळ होतो त्यात भूगोल अर्धा समजतो. सकाळच्या शाळेची पोरं त्या वेळी घरी असतात, तर घराच्या अंगणात, ओट्यावर करू द्या, डोक्याला टोपी-रुमाल बांधून. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही हे चार वेळा सांगा.

वाट कोण बघणार

आता मूळ मुद्द्यावर. गावातल्या शाळेसाठी मला सगळ्यात मजबूत वाटतो तो १ मे. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन असतं, निकाल असतो, आणि त्याच तारखेला बहुतेक ठिकाणी ग्रामसभा पण असते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चारातली एक. म्हणजे पालक शाळेत आलेले, गाव जमलेलं, आणि विषय काय तर उन्हाळ्यातलं पाणी. मग पोरांनी मार्चपासून गावातले हापसे मोजलेले असावेत, कुठला चालू कुठला बंद, पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळा दांडा मारावा लागतो, मार्चमधे किती आणि एप्रिलमधे किती, आणि ते सगळं एका मोठ्या नकाशावर. ही माहिती कुठल्या फोनवर नाही. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार हे आधीच ठरलं असेल तर पोरं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुद्धा बादली घेऊन फिरतात, कारण आपला आकडा चुकला तर गावात हसं होईल.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना आधी जाऊन सांगा, बंद हापशांची यादी एकदम सभेत बाहेर आली तर पोरांवर नाही पण तुमच्यावर येतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत घेतलं तर अर्धं काम सोपं. दुसरं, विहिरींवर पोरांना पाठवू नका, विहिरीची पातळी मालकाला विचारून लिहायची.

ज्यांच्याकडे ग्रामसभा नाही, म्हणजे शहरात, त्यांनी लहान पोरं धरावीत. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमधे शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, आई आणि मूल येतात, वेगवेगळ्या टेबलांवर वस्तू ओळखणं, मोजणं, रंग, उड्या असलं सगळं. त्या टेबलांवरचं सामान सातवीच्या पोरांनी करायचं. चिंचोके रंगवून मोजायच्या पिशव्या, चित्रकार्डं, आकारांचे पुठ्ठे. येणाऱ्यांत कोणाचा तरी धाकटा भाऊ असतो, शेजारची चिमी असते. वर्षभर काही न करणारा पोरगा त्या दिवशी टेबलामागे उभा राहून "हे बघ असं मोजायचं" करत असतो. आणि कार्डावरचं चित्र ओळखू येत नसेल तर ते पाच वर्षांचं पोरगं तोंडावर सांगतं, तेवढं स्पष्ट आपण कधी सांगत नाही.

आणि आपलं स्वतःचं

हे कोणी बोलत नाही पण प्रकल्प बंद पडायचं एक मोठं कारण आपण असतो. मार्च-एप्रिलमधे शिक्षकाचं डोकं कुठे असतं, निकालपत्रक, प्रगतिपुस्तकं, वर्णनात्मक नोंदी, ऑनलाइन माहिती, मधेच एखादं प्रशिक्षण. वर्गात टेबलावर मान खाली घालून बाई लिहीत बसल्या की पोरं ओळखतात, आज सुट्टी. यात आपला दोष नाही, काम तेवढं असतंच. चिठ्ठ्यांची दोरी इथे पण उपयोगी पडते, पहिली तीस-चाळीस मिनिटं पूर्ण पोरांसोबत राहायचं, नंतर ती त्यांची त्यांची काम करतात आणि आपण लिहितो.

वर्णनात्मक नोंदींचं अजून एक करता येतं, एकेका मुलाला जवळ बोलवायचं, त्याच्या झालेल्या चिठ्ठ्या समोर ठेवायच्या आणि विचारायचं यातलं तुला काय जमलं, काय अवघड गेलं. तो जे सांगतो तेच थोडं नीट करून नोंदीत लिहायचं. "विविध उपक्रमात सहभागी होतो" हे वाक्य चाळीस वेळा लिहिण्यापेक्षा लवकर होतं, खरंच, कारण विचार करावा लागत नाही. आणि बाकीची पोरं आपला नंबर येणार म्हणून दोरीवरच्या चिठ्ठ्या संपवायच्या मागे लागतात, हा फायदा मला नंतर लक्षात आला.

आठवडाच उरला असेल तर

हे वाचेपर्यंत एप्रिलची वीस तारीख उलटलीच असेल आणि वर्गात अर्धवट चार्ट पडलेले असतील तर ते पूर्ण करायच्या मागे लागू नका, जेवढं झालंय तेवढ्यावर पोरांचं नाव-तारीख घालून भिंतीला लावून टाका, अर्धं तर अर्धं. उरलेल्या दिवसांत एकच काम घ्या ज्याला ठरलेली तारीख आहे आणि बघणारं माणूस आहे. सावलीचं सगळ्यात सोपं, दोन-तीन मोजमापं झाली तरी अंदाज लिहिता येतो.

पाकिटं आणि वही मात्र स्वतःच्या पिशवीत ठेवू नका. मे महिन्यात बदली झाली तर ती तुमच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातील आणि जूनमधे पोरं नव्या सरांना काय विचारतायत हे त्या बिचाऱ्यांना कळणार नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, वहीच्या पहिल्या पानावर काठीची लांबी, ती कुठल्या ओट्यावर कुठे उभी केली होती ती जागा, आणि मोजायची वेळ लिहा. ओट्यावर रंगाने एक ठिपका पण काढून ठेवा, खडूचा पुसला जातो.